तोंड मिटलं की कळत नाही

धम्मपालने पिल्लाचा वरचा ओठ दोन बोटांनी उचलला, मोबाइलचा टॉर्च तोंडात मारला आणि म्हणाला, "ही नको. हिचे वरचे दात पुढे आलेत."

पिल्लू निमूट होतं. बिस्किटाच्या रंगाची, पोटाने गोल झालेली ती लॅब्राडॉरची मादी त्याच्या मांडीत उताणी पडून उजेडाकडे डोळे मिचकावत होती. माणसं ओळख अशीच करून घेत असतील, असं तिला वाटलं असावं. धम्मपाल अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला होता. दिवसभर गेज लावून माल पास करायचा, नाहीतर लाल खोक्यात टाकायचा, हे त्याचं काम. ते तो घरीही घेऊन यायचा. भाजीवाल्याच्या भेंडीपासून बायकोच्या पोळीपर्यंत सगळं त्याच्या गेजमधून जायचं आणि सहसा नापास व्हायचं.

"बघ ना ताई," तो बहिणीला म्हणाला. "वरचे दात खालच्यांवर टेकून बसायला पाहिजेत, कात्रीसारखे. इथं मधे फट आहे. नख जाईल एवढी."

तृप्तीने तिकडे पाहिलं नाही. ती सोफ्याच्या अगदी कडेला बसून भिंतीवरच्या घड्याळाखालची रिकामी जागा बघत होती. आपण लोकांच्या दातांकडे बघितलं नाही म्हणजे लोक आपल्या दातांकडे बघत नाहीत, असा तिचा जुना समज होता. चाळिशी उलटली तरी तो खरा ठरला नव्हता आणि सुटलाही नव्हता.

गंगापूर रोडवरच्या कुसुमताईंच्या बंगल्यात पगारे मंडळी पिल्लू बघायला आली होती. धम्मपाल, त्याची सहावीतली मुलगी तेजल, आई मालनबाई आणि मोठी बहीण तृप्ती. बायको स्नेहा तेवढी ड्युटीवर होती, आणि "पोरीला आवडेल ते आणा" एवढं सांगून मोकळी झाली होती. तृप्तीलाही यायचं नव्हतं. ती एसटीत वाहतूक नियंत्रक होती. महामार्ग बसस्थानकावर काचेच्या केबिनमध्ये बसून गाड्या पुकारायचं काम तिच्याकडे. "नांदगावकडे जाणारी गाडी फलाटावर लागलेली आहे" हा तिचा आवाज अख्ख्या स्थानकाला पाठ होता, शेंगदाणेवाले तिची नक्कल करायचे. तोंड मात्र मायक्रोफोनच्या मागे झाकलेलं असायचं, आणि तिला ते पसंत होतं. रविवारची सुट्टी क्वचित पदरात पडायची. ती झोपून घालवायची असं तिने ठरवलं होतं, पण तेजलने हात धरून सांगितलं, "आत्या, तू पाहिजेच." मग विषयच संपला.

आल्यापासून तृप्तीचं डोकं तापत चाललं होतं आणि का ते तिला आधी कळेना. मग हळूहळू कळलं. कुसुमताईंनी दारातच आडनाव विचारलं होतं, त्यापाठोपाठ गाव. नांदगाव तालुका का, बरं बरं. घर स्वतःचं की भाड्याचं? घरात माणसं किती? दिवसभर हिच्याकडे बघायला कोणी असतं ना? मग पाण्याचे ग्लास आले. मग आतून कांद्याच्या फोडणीचा वास आला. पोहे. मुलगी बघायला आलेल्यांना देतात तसे. मग पिल्लं एकेक करून गालिच्यावर आणून सोडली गेली, आणि कोण उजळ, कोण बुजरं, कोणाचे पाय सरळ, यावर बोलणं सुरू झालं.

"ती खिडकीपाशी बसलेली बघ रे," मालनबाई म्हणाल्या. "कशी गोरीपान हाय. तीच घे."

"आई, कुत्र्याचा रंग कोण बघतं?"

"समदेच बघत्यात," मालनबाई ठामपणे म्हणाल्या.

पण तेजलने कोणाला निवडलं नव्हतं. तिलाच निवडलं गेलं होतं. बिस्किटी पिल्लू लुटूलुटू चालत आलं होतं, तिच्या उजव्या पायावर हनुवटी टेकून झोपून गेलं होतं, आणि तेजल पाय जराही न हलवता बसून राहिली होती. झोपलेल्या त्या पिल्लाला धम्मपालने उचलून ओठ वर केला होता.

"तुमचं बरोबर आहे हो," कुसुमताई म्हणाल्या. त्या बाई वाईट नव्हत्या. निवृत्त होत्या, घरच्या कुत्रीची पिल्लं जिवापाड जपत होत्या आणि लपवाछपवी करत नव्हत्या. "तेवढा एक दोष आहे तिच्यात. शोला चालणार नाही. पण घरात सांभाळायला काही अडचण नाही, डॉक्टरांनी बघितलंय. आणि खरं सांगू का, तोंड मिटलं की कळतसुद्धा नाही."

एवढं बोलून त्या पोह्यांचं बघायला आत गेल्या.

तोंड मिटलं की कळतसुद्धा नाही. तृप्तीने हे वाक्य शब्दन् शब्द आधी ऐकलेलं होतं. तिची स्थळं घेऊन येणारे नात्यातले एक मामा होते, ते प्रत्येक पाहुण्याला निरोप द्यायला वेशीपर्यंत जायचे आणि हेच म्हणायचे. मुलगी शिकलेली आहे, नोकरीला लागेल, दात जरा पुढे आहेत, पण तोंड मिटलं की कळतसुद्धा नाही. जणू पोरीने जन्मभर तोंड मिटूनच राहायचं होतं. तसंच राहायचं होतं म्हणा.

त्याची शिकवणी मालनबाईंनी दिली होती, आणि ती तोंडाने नव्हे, पायाने. पाहुणे समोर बसलेले. तृप्ती पाटावर, पाटावरून पुढे खुर्चीवर, खुर्चीवरून सोफ्यावर आली. दिवस बदलले, बसणं बदललं, पण आई शेजारीच. कोणी काही गमतीचं बोललं, तृप्तीचे ओठ जरा विलग झाले, की लुगड्याच्या काठाखालून आईचा पाय सरकत यायचा आणि तिच्या पायावर बसायचा. दुखेल इतका नाही. कळेल इतका. त्या पायाचा अर्थ एकच होता. मीट.

ती मिटायची. इतकी छान मिटायची की इगतपुरीच्या स्थळाने तिला पसंत केलं. मुलगा रेल्वेत होता, बोलका होता. साखरपुडा कॉलनीतल्या विहारात झाला. गर्दीमुळे आई त्या दिवशी शेजारी नव्हती. अंगठी घातल्यावर तो कानाशी वाकून म्हणाला, "आमच्या इगतपुरीला जूनमध्ये धुतलेली साडी दसऱ्याला वाळते. चार महिने एकाच साडीवर काढायची तयारी ठेवा." आणि तृप्ती हसली. खळखळून, सगळे दात बाहेर. जन्मात पहिल्यांदा आणि शेवटचं.

मुलाची आत्या समोरच उभी होती. "बघायला आलो तेव्हा तर हे दात नव्हते," ती भर विहारात म्हणाली. "तोंड शिवून पोरगी दाखवली व्हय आम्हाला?" मुलगा खाली बघत राहिला. आठवड्याच्या आत निरोप आला की फसवणुकीचा संसार आम्हाला नको. दात पुढे आहेत यावर त्यांचा राग नव्हता म्हणे, लपवले यावर होता. आणि त्या रात्री मालनबाई लेकीला जे म्हणाल्या ते तृप्तीच्या कानात शिशासारखं ओतलं गेलं. "एक दिवस तोंड मिटून बसता आलं नाय तुला?"

पुढे धम्मपालचं लग्न झालं, तेजल झाली. तृप्तीचं राहून गेलं, असं लोक म्हणतात. राहून काही गेलं नव्हतं. काढून घेतलं होतं. हे पगाऱ्यांच्या घराण्याचे दात, आमच्या माहेरी नाय कुणाचे, असं मालनबाई पहिल्यापासून सांगायच्या. त्यांची स्वतःची बत्तिशी बघितली की कुणालाही ते पटायचं. पांढरी, एका ओळीत, लग्नाच्या पंगतीसारखी. ती कवळी होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाळंतपणात हयगय झाली, हिरड्या सुजल्या आणि दात पडले, असं तृप्ती लहानपणापासून ऐकत आली होती.

"रिजेक्शनचा माल घरी कशाला न्यायचा?" धम्मपाल म्हणाला आणि पिल्लू खाली सोडलं. "उद्या हिला पिल्लं झाली तर त्यांच्यातही उतरणार. जबडा रक्तातूनच येतो. मी व्हिडिओ बघितलेत."

"व्हय बाबा," मालनबाई म्हणाल्या. आणि मग, आपण काहीतरी मजेदार बोलतोय अशा सुरात, "आपल्या घरात हायेत तेवढे पुढचे दात बास झाले. कुत्रं बी तसलंच आणलं तर लोक म्हणतील, पगाऱ्यांनी शोधून आणलं."

धम्मपाल हसला. बहिणीकडे बघून हसला, म्हणजे ती पण हसेल.

पिल्लाला हे काही कळलं नाही. ते पुन्हा लुटूलुटू तेजलकडे गेलं आणि या खेपेला झोपण्याऐवजी तिच्या उजव्या पायाचा अंगठा तोंडात धरून बारीक दातांनी चावायला लागलं. तेजलला गुदगुल्या झाल्या. ती हसली. तिचे वरचे दात पुढे होते, थोडेच, आत्यासारखे, आणि हसताना ते सगळे दिसले.

तृप्तीची नजर तेव्हा खालीच होती. पोरीच्या उजव्या पायावर पिल्लू होतं. डाव्या पायाकडे, टीपॉयच्या खालून, मालनबाईंचा भेगाळलेला पाय सरकत आला आणि वर बसला.

तेजलने ओठ मिटले. तिने खाली बघितलं नाही, आजीकडे बघितलं नाही, दचकली नाही. दिव्याचं बटण दाबावं तसं झालं. म्हणजे हे आजचं नव्हतं.

तृप्तीला वाटत होतं तो पाय फक्त आपल्यासाठी होता. आपल्याबरोबर तो संपला असं तिने धरलं होतं, आणि त्याच हिशोबावर ती इतकी वर्षं आईच्या ताटात पोळी वाढत आली होती, दवाखान्यात नेत आली होती. मस्तकात जे गेलं ते तिला आवरेना. पण ती ओरडली नाही. तिचा तो स्थानकावरचा आवाज निघाला, सावकाश, स्वच्छ, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

"आई, पाय काढ."

"कुणाचा पाय?" मालनबाई म्हणाल्या.

"तुझा. तेजलच्या पायावरचा."

पाय निघाला. धम्मपाल एकीकडून दुसरीकडे बघत राहिला. "काय झालं?"

"तुला नाही कळायचं धम्मा. तुझ्या पायावर कधी कोणी पाय ठेवलाच नाही." ती भाचीकडे वळली. "तेजू, कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"आजी पाय ठेवते ते."

तेजलने खांदे उडवले. "पाहुणे आले की. फोटो काढताना पण. मला सवय झालीय आत्या."

"झाली सवय हिला," तृप्ती म्हणाली. "ऐकलंस आई? सहावीत आहे ती."

"पोरीच्या भल्याचंच करते मी," मालनबाईंचा आवाज चढला. "उद्या तिला उजवायची हाय का नाय? तवा आत्या येणार हाय का निस्तरायला?"

"मला निस्तरलंस ते दिसतंय की."

"ताई," धम्मपाल हळू आवाजात म्हणाला, "लोकाच्या घरात आहोत आपण. घरी जाऊन बोलू."

"घरी जाऊन कळवतो, असंच म्हणायचे सगळे. आपल्याकडे घरी जाऊन कोणी कधी काही बोललेलं नाही. तू तोंड उघड."

"काय?"

"तोंड उघड. टॉर्च दे तो इकडे."

तिने त्याच्या हातातून मोबाइल घेतला आणि खरोखरच त्याच्या तोंडावर उजेड मारला. धम्मपाल इतका गोंधळला की त्याने तोंड उघडलं. मावा खाऊन त्याच्या दातांच्या मुळाशी काळी कड धरली होती, एक दाढ अर्धी तुटलेली होती.

"हे असले दात घेऊन तू सिन्नरला स्नेहाला बघायला गेला होतास," तृप्ती म्हणाली. "तिच्या वडिलांनी तुझा ओठ उचलला होता का? नख घालून बघितलं होतं? तू पोहे खाल्लेस, वर आणखी मागून घेतलेस, आणि येताना गाडीत म्हणालास, मुलगी बुटकी आहे पण चालेल. मी होते गाडीत. आणि आज या एवढ्याशा जिवाला रिजेक्शन म्हणतोस, पोरीच्या देखत. जबडा रक्तातून येतो म्हणतोस. तुझ्या पोरीचा कुठून आला? ती पण लाल खोक्यात का?"

धम्मपालने तोंड मिटलं. त्याने तेजलकडे बघितलं, आणि बहुधा बऱ्याच दिवसांनी बघितलं. पोरगी मान खाली घालून पिल्लाच्या कानाशी चाळा करत होती आणि तिचे ओठ घट्ट आवळलेले होते. "मी तिला कुठं काय बोललो," तो पुटपुटला. पण त्यात दम नव्हता.

"आपलेच दात नि आपलेच ओठ," मालनबाई म्हणाल्या. "कुणाला सांगायचं? लेक भर सभेत आईला हुभी करती."

"तेच तर. आपलेच दात. मग लाज कसली वाटत होती तुला माझी?"

मालनबाई सोफ्यावर जरा पुढे सरकल्या, पदर खांद्यावर नीट केला. त्यांचाही चेहरा तापला होता. मग त्यांनी तोंडात बोटं घातली, वरची कवळी काढली आणि तळहातावर घेऊन ती लेकीच्या पुढे धरली. त्यांचा वरचा ओठ आत गेला. चेहरा एकदम दुसऱ्याच कुणा म्हातारीचा झाला.

"हे पडले नव्हते," त्या म्हणाल्या. शब्द आता ओले, घसरणारे निघत होते. "काढले."

"काय काढले?"

"दात. माझे. तुझ्यापेक्षा पुढं व्हते. उसाचं कांडं सोलायचे मी त्यांनी, अख्ख्या गावात कुणाला नाय जमायचं तसं. तुझ्या बापाच्या चुलत्यानं बघितलं आन म्हणला, पोरगी कामाची हाय, पर दातांचं तेवढं करून द्या. माझ्या बापानं बाजाराच्या दिवशी नांदगावला नेलं. फाटकापाशी दातवाला बसायचा, पोतं टाकून. वरचे पुढचे समदे वढले त्यानं. धडधाकट दात. सुई नाय, काय नाय. बापानं माझं डोकं धरलं व्हतं. मग हळद लागली. मग लगीन लागलं. बाकीचे मग आपोआप गेले, एकाला आधार दुसऱ्याचा."

धम्मपालने गालिच्यावर नजर लावली होती. आत स्वयंपाकघरात झारा कढईवर वाजत होता.

"तू म्हणायचीस पगाऱ्यांचे दात," तृप्ती म्हणाली.

"मग काय सांगू? तुझे बी काढायला सांगणारे आले व्हते. तुझ्या बापाच्याच बहिणीनं डागदर ठरवला व्हता. तू नववीत असशील. मी म्हणलं, खबरदार. मी पोरीच्या पायावर पाय ठेवीन, पर दाताला कुणाचा हात लागू देणार नाय." कवळी धरलेला हात त्यांनी आणखी पुढे केला. "तुझे दात तुझ्या तोंडात हायेत का नाय? ते माझ्यामुळं हायेत."

तृप्तीला वाटलं, आता आपला राग जाईल. अशा वेळी राग जातो, माणूस आईच्या गळ्यात पडतो, असं ऐकून होती. तो गेला नाही. उलट वाढला, फक्त तो कुणावर धरावा तेच कळेना. बापाचा चुलता मेला होता. डोकं धरणारा आजा मेला होता. दातवाला कुठल्या बाजारात मेला असेल. इगतपुरीची आत्या असेल कुठेतरी, सुनांचे दात बघत. उरली होती ती ही समोरची, ओठ आत गेलेली बाई, जिने आपल्याला वाचवलं होतं आणि वाचवता वाचवता बुडवलं होतं. तिच्यावर रागवायचं तर पुरतं रागावता येईना, आणि सोडून द्यायचं तर इतकी वर्षं सोडून द्यावी लागली असती.

"मला सांगायचंस तरी," ती शेवटी म्हणाली.

"सांगायचं म्हंजी तोंड उघडाय लागतं," मालनबाई म्हणाल्या.

कुसुमताई ट्रे घेऊन बाहेर आल्या. मालनबाईंनी झटकन मूठ मिटली आणि वर पदर घेतला. पोह्यांवर खोबरं होतं, कोथिंबीर होती. बशा टीपॉयवर मांडता मांडता कुसुमताईंना काहीतरी घडून गेल्याचं कळलं असावं, कारण त्या जरा जास्तच मोकळेपणाने म्हणाल्या, "मग? ठरलं का काही?"

धम्मपालने घसा खाकरला. पण त्याच्या आधी तेजल बोलली.

"काकू, हिचे दात काढायला लागतील का?"

तिने हे पिल्लाकडे बघत विचारलं. पोरीने आजीचा शब्दन् शब्द ऐकला होता आणि त्यातून तिला हवा तो प्रश्न काढला होता.

"छे गं," कुसुमताई म्हणाल्या. "काढायचे कशाला? चांगली कुरुम कुरुम खाते की ती. आत्ताचे तर दुधाचेच आहेत. पक्के आले की एकदा डॉक्टरांना दाखवायचं. खालचा सुळा वर टाळूला टोचत नाही ना, एवढंच बघतात. नसला टोचत तर तिचं ती बघून घेते."

"मग हीच," तेजल म्हणाली.

धम्मपालने नाही म्हणून मान हलवली. गेज लावणारा माणूस होता, लगेच बदलणारा नव्हता. पण तो उठला, पोरीच्या पायावरचं पिल्लू उचललं आणि या वेळी तोंड न उघडता तिच्या हातात दिलं. पोह्यांना तृप्तीने हात लावला नाही. कुसुमताईंना वाईट वाटलं असेल, पण त्याला इलाज नव्हता.

निघताना फाटकापाशी कुसुमताईंनी त्यांना थांबवलं. प्रत्येक पिल्लाचा नव्या घरच्या माणसांबरोबर एक फोटो काढायचा, असा त्यांचा रिवाज होता. त्यांनी सगळ्यांना बोगनवेलीखाली उभं केलं. मधे पिल्लू घेतलेली तेजल, एका बाजूला धम्मपाल, दुसऱ्या बाजूला तृप्ती, तिच्या पलीकडे मालनबाई. आई आणि भाची यांच्या मधे तृप्ती मुद्दाम उभी राहिली होती. आता कुणाचा पाय कुणाच्या पायापर्यंत पोचणार नव्हता.

"हसा," कुसुमताई म्हणाल्या.

तेजलने वळून आजीकडे बघितलं नाही. तिने मान वर करून आत्याकडे बघितलं. आत्याच्या तोंडाकडे. काय करायचं असतं ते बघायला.

आणि तृप्तीला घाम फुटला. आजीचा पाय पाहुण्यांपुरता होता. रोज सकाळ-संध्याकाळ समोर दिसणारं मिटलेलं तोंड आत्याचं होतं. पोरगी ते बघत बघत मोठी झाली होती. इतका वेळ आईला, भावाला, मेलेल्या माणसांना जे सुनावलं, ते सगळं आता या एका पोरीच्या नजरेपुढे येऊन उभं राहिलं. तृप्तीने हसायचा प्रयत्न केला. जमेना. ओठ हलेचनात. कुलूप गंजून जातं तसं झालं होतं, किल्ली हातात असून फिरेना.

"हसा की हो," कुसुमताई म्हणाल्या. "आनंदाचा दिवस आहे."

आनंदाचा दिवस, असं विहारातही कोणीतरी म्हणालं होतं. तृप्तीच्या डोक्यात पुन्हा ती जुनी तिडीक उठली, आणि त्या तिडिकेच्या जोरावर तिने ओठ मागे ओढले. कॅमेऱ्याच्या थेट समोर, होते तेवढे दात बाहेर काढले आणि तसेच ठेवले.

परतताना द्वारकेच्या सिग्नलला गाडी अडकली तेव्हा धम्मपालच्या मोबाइलवर फोटो आला. त्याने तो बघितला, मागे तृप्तीकडे दिला आणि समोर बघू लागला. मालनबाई त्याच्या शेजारच्या सीटवर बसून बाहेरच्या रिक्षा बघत होत्या.

फोटोत धम्मपाल उन्हामुळे डोळे बारीक करून उभा होता. पिल्लाने नेमकी तेव्हाच जांभई दिली होती, त्याचे बारीक दात, वरचे पुढे, स्पष्ट दिसत होते. तृप्ती हसत नव्हती. ती कुणाला तरी चावायच्या बेतात असल्यासारखी दिसत होती. तेजलचं कॅमेऱ्याकडे लक्षच नव्हतं, ती आत्याकडे बघत होती, आणि तिचं तोंड सताड उघडं होतं, हसू म्हणा, आश्चर्य म्हणा. सगळ्यात कडेला मालनबाई ओठ आत घेऊन ताठ उभ्या होत्या. त्यांची उजवी मूठ पोटाशी घट्ट मिटलेली होती.

तृप्तीने पुढच्या सीटकडे पाहिलं. मूठ अजून तशीच होती.